माग बंद होते तेव्हा

दार उघडंच होतं. बॅग उंबऱ्याशी ठेवून मी आत पाहिलं, तर वहिनी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून बसली होती. डोळे अर्धवट मिटलेले, ओठ मात्र हलत होते. छातीशी धरलेलं सहा महिन्यांचं बाळ तिच्या सैल पडलेल्या हातांतून हळूहळू खाली घसरत होतं. जेमतेम हातभर अंतरावर स्टोव्ह पेटलेला होता आणि त्यावरचं दूध वर येऊ लागलं होतं.

मी चपलांसकट धावले. एका हातानं बाळ उचललं, दुसऱ्या हातानं स्टोव्हची चावी फिरवली.

वहिनी दचकून जागी झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही. बाळ माझ्या हातातून ओढून घेऊन तिनं पुन्हा छातीशी धरलं आणि गाणं जिथं तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

"नीज रं राजा, नीज रं आता,
मागाखालची मांजर निजली."

"वहिनी, अगं मी. नलू."

"कधी आलासा, वन्सं?" दोन ओळींच्या मधल्या श्वासात तिनं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पहिली ओळ धरली.

"धोटा निजला, कांडी निजली,
ताण्यावरची धूळ निजली..."

बारशाला मी आले होते तेव्हा ही बाई भरल्या अंगाची, हसरी होती. आता तिच्या गळ्याची हाडं दिसत होती. ब्लाऊजचं एक बटण चुकीच्या काजात अडकलं होतं, आणि ते तसं किती दिवस असेल याचा अंदाज मला करवला नाही.

ही १९८५ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी पुण्यात एम.ए. करत होते आणि इचलकरंजीच्या आमच्या घरी सुट्टीला आले होते. बसस्टँडवरून चालत येताना वाटभर काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. वहिनीचं गाणं इतकं स्वच्छ ऐकू आलं तेव्हा काय चुकत होतं ते कळलं. गावात आवाज नव्हता. यंत्रमाग कामगारांचा संप सुरू होऊन एकोणीस दिवस झाले होते. ज्या गावात माणसं रस्त्यावरही एकमेकांशी ओरडून बोलतात, त्या गावात त्या दिवशी मला कावळे ऐकू येत होते.

आमच्या घराच्या पुढच्या अर्ध्या भागात मालकाचे चार माग होते, ते दादा मजुरीवर चालवायचा, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहत होतो. मधे एक भिंत आणि एक दार. चोवीस तासांतले अठरा तास त्या भिंतीपलीकडे खडखडाट चाले. मांडणीतली भांडी थरथरत, पाण्याच्या घागरीत गोल लहरी उठत. आम्ही पाच भावंडं त्यातच वाढलो. बाळ झोपलंय म्हणून आमच्या घरात कधी कुणी हळू बोललं नव्हतं.

जेवताना आईनं सगळं सांगितलं. "संप झाल्यापासून पोरगं निजत न्हाई बघ. झोळीत घातलं की रडतंय. रत्नीनं छातीवर घेऊन गाणं म्हटलं तरच डोळा मिटतंय. गाणं थांबलं की पुन्हा जागं."

"तू घे ना मग छातीवर."

"घेतलं की. चार भजनं म्हटली. माझ्या आवाजाला इचारतंय कोण! आईचाच आवाज पायजे त्याला."

दादा भाकरीचा तुकडा हातात धरून हसला. माग बंद, घरात खायची तोंडं पाच, तरी मुलाचा विषय निघाला की त्याचा चेहरा फुलायचा. "नले, ह्याचे कान कसले तिखट आहेत म्हणून सांगू? संप झाला त्या दिवशी दुपारी चारला सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबले. झोळीत गाढ झोपला होता. मागाचा आवाज थांबला आणि ताडकन जागा! आम्ही युनियनवाले अजून एकमेकांची तोंडं बघतोय, तोवर साहेबांना बातमी पोचली होती."

"चौथ्या पिढीचा कोष्टी," आई म्हणाली. "मागाबिगर झोप येईल कशी?"

वहिनी हसली नाही. ती उभ्यानं जेवत होती, कारण बसली की तिला झोप लागे. आदल्या आठवड्यात गल्लीतल्या डॉक्टरांनी तिला तपासून दादाला बाजूला घेतलं होतं. या बाईला सलग चार तास झोप मिळाली नाही तर दूध तर जाईलच, पण एखाद्या दिवशी मूल हातातून पडेल, असं त्यांनी सांगितलं होतं. सकाळी मी दोन मिनिटं उशिरा पोहोचले असते तर काय झालं असतं, ते मी दादाला सांगितलं नाही.

उपाय मला लगेच सुचला, आणि तो सुचल्याचा मला अभिमान वाटला. विणकर बायकांचे पाळणे हा माझ्या लघुप्रबंधाचा विषय होता. विभागाचा टेपरेकॉर्डर माझ्या बॅगेत होता आणि एकशेबारा पाळणे मी तोवर गोळा केले होते. त्यात वहिनीचंही हे गाणं होतं. बारशाच्या दुसऱ्या दिवशी, माग चालू असताना, मी ते तिच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

"वहिनी, तुझा आवाजही आहे आणि मागे मागही चालू आहेत," मी म्हणाले. "बाळाला हवं ते सगळं या कॅसेटमध्ये आहे. मी याला घेऊन पुढे कारखान्यात बसते. तू दार लावून घे आणि झोप."

तिनं टेपरेकॉर्डरकडे संशयानं पाहिलं. "म्हंजे मी निजलो तरी मी गातच राहणार?"

पुण्यात राहून मी 'आले-गेले' म्हणू लागले होते. वहिनी मात्र आमच्याकडच्या बायकांसारखी 'आलो-गेलो'च म्हणायची.

"हो. कॅसेट संपली की मी उलटी करून पुन्हा लावीन."

"आणि त्यानं वळखलं न्हाई तर?"

"तुझा आवाज? तो ओळखणार नाही?"

"वळखंल," ती स्वतःशीच म्हणाली. "पोटात असल्यापासनं ऐकतोय." मग बाळाच्या टाळूवर ओठ टेकवून तिनं त्याला माझ्या हातात दिलं आणि चटईवर आडवी झाली. आईनं तिच्या अंगावर लुगडं घातलं, तेवढ्यात तिला झोप लागलीसुद्धा.

चार माग धुळीनं भरून उभे होते. दोन मागांच्या मधे छताच्या लोखंडी गर्डरला झोळी बांधलेली होती. तोच गर्डर चारही मागांवरून जाऊन भिंतीत शिरत होता. बाळाला झोळीत ठेवून मी टेपरेकॉर्डर जवळच्या स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं.

खडखडाट सुरू झाला आणि त्यातून वहिनीचा आवाज वर आला. पाच महिन्यांपूर्वीचा, भरलेला, हसरा आवाज.

बाळ रडू लागलं.

मी झोके दिले, आवाज वाढवला. तो हातपाय झाडू लागला. गाणं नीट पोहोचत नसेल म्हणून मी टेपरेकॉर्डर झोळीच्या तोंडाशी आणला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. पत्र्याचं छप्पर घुमू लागलं. त्याच्या रडण्यात कणभरही फरक पडला नाही. ते वाढलं नाही, थबकलं नाही. आईला शोधणाऱ्या मुलासारखी त्यानं एकदाही मान वळवली नाही. वैतागून मी कॅसेट बंद केली. त्यानंही फरक पडला नाही.

शेवटी थकून तो आपोआप शांत झाला. छपरातल्या काचेतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात सुताचे कण तरंगत होते. मूठ तोंडात घालून तो ते कण पाहू लागला. मी हलकेच मागे सरले. तेवढ्यात माझं कोपर मागाला लागलं आणि त्यावर ठेवलेलं पाच किलोचं लोखंडी वजन खालच्या पत्र्याच्या पेटीवर आदळलं.

मी किंचाळलेच. मागाखाली झोपलेली मांजर उडून खिडकीवर गेली. दाराआडून आई ओरडली, "काय पडलं गं?"

झोळीतलं बाळ उन्हातले कण पाहत होतं. त्याची पापणीही लवली नव्हती.

मी तशीच उभी राहिले. घाबरून गेला असेल, असं मी मनाशी म्हणाले. पण तो घाबरलेला नव्हता. मूठ चोखत होता. मी त्याच्या डोक्यामागे गेले, जिथून मी त्याला दिसत नव्हते. "शंतनू," मी हाक मारली. हे नाव मीच पुण्याहून शोधून आणलं होतं. "शंतनू!" मग टाळी वाजवली. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा उचलून त्यावर मागाचा पाना आपटला. एकदा, दोनदा. मग मोजलं नाही.

आणि मला बारसं आठवलं. आत्या म्हणून त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी नाव सांगितलं होतं आणि मोठ्यानं 'कुर्रर्र' केलं होतं. बायकांनी माझ्या पाठीवर धबाधबा बुक्क्या घातल्या होत्या. बाळ तेव्हा हसलं होतं. सगळ्या म्हणाल्या होत्या, बघा, आत्याचा आवाज ओळखला. आज तोच कान समोर होता, पाठमोरा, उन्हात पारदर्शक दिसणारा. मी वाकून लांबूनच त्यावर फुंकर घातली.

तो हसला.

"याड लागलं का काय तुला?" आई दारात उभी होती. "पोराच्या डोक्याशी डबा बडवतीस?"

"आई, दार लाव आणि इकडे ये. माझ्याजवळ उभी राहा. आता बघ."

मी डबा जमिनीवर टाकला. आई दचकली. बाळ उन्हाकडे पाहत राहिलं.

आईनं पाच मुलं वाढवली होती. मला तिला काहीही सांगावं लागलं नाही. तिनं मागाला धरलं, हळूहळू खाली बसली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. मग तो काढून ती बोलली ते मला अपेक्षित नव्हतं.

"रत्नीला उठवू नगंस."

"आई, तिला सांगायला..."

"सांगू. पण आता निजलीय ती. वीस दिसांनी निजलीय. एवढी झोप हुंदे तिची. ह्यानंतर कधी निजंल काय म्हाईत."

आम्ही वाट पाहत बसलो. तीन तास. बाळाला आळीपाळीनं खांद्यावर घेतलं, पाण्यात कालवलेली खीर भरवली. तो रडायला लागला की आई त्याचं तोंड स्वतःच्या पदरात घ्यायची, वहिनी जागी होऊ नये म्हणून. तितक्यात दादा मीटिंगवरून आला. मी त्याला एका वाक्यात सांगितलं.

त्याचा हात माझ्या अंगावर उठला आणि तसाच वर राहिला. लहानपणानंतर तो पहिल्यांदाच उठला होता.

"बहिरं पोरगं माग थांबल्यावर जागं होईल? सांग की! तू शिकलेली आहेस ना, सांग!" तो ओरडत नव्हता, वहिनी झोपली होती म्हणून दात आवळून कुजबुजत होता. "आमच्या कुणाच्या ध्यानात यायच्या आधी त्याला कळलं. मी डोळ्यांनी बघितलंय, नले."

दादा बाळाच्या मागे जाऊन उभा राहिला. हात वर करून त्यानं एक टाळी वाजवली. पुन्हा वाजवली. तळहात लाल होईपर्यंत तो टाळ्या वाजवत राहिला.

"सर्दी झाली असंल," शेवटी तो म्हणाला. "कान धरले असतील सर्दीनं."

आईनं बाळाला उचलून खांद्यावर घेतलं.

दिवेलागणीला वहिनी उठली. तोंड धुऊन, केस बांधून ती दारात आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. "किती निजलो ओ मी! हाक तर मारायची." मग टेपरेकॉर्डरकडे पाहून ती लाजल्यासारखी हसली. "निजला न्हवं माझ्या आवाजावर?"

आम्ही तिघं तिच्याकडे पाहत होतो. तिचं हसू आधी ओठांवर थांबलं, मग डोळ्यांतून गेलं.

"काय झालं? पडला का?"

"पडला नाही," मी म्हणाले. पुढचं मीच सांगितलं. कसं सांगितलं ते शब्द आठवत नाहीत. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं, बाळाला आईकडून घेतलं, त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि विचारलं, "व्हय रं?"

बाळ तिला पाहून हसलं.

दोन दिवसांनी आम्ही मिरजेला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. वयस्कर, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाळामागून घंटा वाजवली, खुळखुळा वाजवला, लहानसा ढोल वाजवला. मग कानात बॅटरी घालून पाहिलं आणि दादाला समोर बसायला सांगितलं.

"जन्मापासूनच असावं. पुन्हा तपासू, पण मी खोटी आशा लावणार नाही."

दादानं मागाची गोष्ट सांगितली. शेवटचं हुकमाचं पान टाकावं तशी.

डॉक्टरांनी ऐकून घेतली. "झोळी कशाला बांधता?"

"गर्डरला."

"आणि तो गर्डर?"

दादा बोलायला गेला आणि थांबला. त्याचा हात टेबलावर पालथा पडला होता. डॉक्टरांनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. "लागतं ना हाताला? तुमचे माग थांबले तेव्हा त्याची झोळी हलायची थांबली. त्याला ऐकू काही आलं नाही." मग ते वहिनीकडे वळले. "बाई, सहाव्या महिन्यात तुमच्या लक्षात आलं. लोक तिसऱ्या वर्षी मूल घेऊन येतात, बोलत नाही म्हणून. ही वर्षं फार मोलाची असतात."

ते खरं ठरलं. शंतनूला वेळेवर शाळा मिळाली. आज तो चाळिशीचा आहे, कोल्हापुरात नकाशे काढायचं काम करतो. पण त्या खोलीत डॉक्टरांचं वाक्य वहिनीपर्यंत पोहोचलं नाही. तिनं एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे माझं गाणं त्याला कधीच ऐकू आलं न्हाई?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "एकदाही नाही."

परतीच्या एसटीत वहिनीला चाकावरचं सीट मिळालं. बाळ तिच्या छातीवर लगेच झोपलं. ती खिडकीबाहेर पाहत होती. हातकणंगले मागे पडल्यावर तिनं माझ्याकडे न बघताच विचारलं, "मग सहा म्हैने मी कुणाला गात होतो, वन्सं?"

त्या दिवसापासून तिनं गाणं बंद केलं.

ती रडली नाही, भांडली नाही. बाळाला न्हाऊ घालायची, पाजायची, छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसायची. तोंड मात्र मिटलेलं. बाळ रडून रडून निळं पडायचं. आई म्हणायची, "रत्ने, म्हण की दोन ओळी," तर ती इतक्या शांतपणे आईकडे पाहायची की आई दुसऱ्या खोलीत निघून जायची. तीन दिवस त्या घरात कुणी झोपलं नाही. मी टेपरेकॉर्डर बॅगेच्या तळाशी कपड्यांखाली घातला. खरं कळायला हवं होतं हे मला पटत होतं. पण त्या बाईचा जो एकमेव उपाय चालत होता तो मी थांबवला होता, हेही मला दिसत होतं. तिच्या खोलीत जायचं मी टाळत होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. ती नेहमीच्या जागी बसली होती. बाळ रडत नव्हतं. रडायची ताकद संपली होती. त्यानं तिच्या छातीवरून मान उचलली, तिच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग आपला पंजा तिच्या गळ्यावर ठेवला आणि थोपटलं.

एकदा. थांबला. पुन्हा थोपटलं. मग गाल तिच्या छातीच्या हाडावर टेकवला आणि वाट पाहू लागला. काही झालं नाही तेव्हा मान उचलून त्यानं पुन्हा तिच्या गळ्यावर थोपटलं, या वेळी जोरानं, बंद दारावर थाप मारावी तसं.

वहिनी श्वास रोखून त्याच्याकडे पाहत होती. "वन्सं," ती पुटपुटली. "हा काय करतोय?"

माझ्या हातातला चहा हिंदकळून बोटांवर सांडला.

वहिनीनं ओठ उघडले नाहीत. नुसता सूर धरला, घशातल्या घशात. पंजा जागच्या जागी थांबला. बाळानं गाल पुन्हा तिच्या छातीवर टेकवला. ती थांबली. पंजानं थोपटलं. तिनं पुन्हा सूर धरला, या वेळी शब्दांसकट.

"धोटा निजला, कांडी निजली..."

बाळाचे डोळे जड होऊ लागले.

"इकडं या," गाता गाताच ती मला म्हणाली. मी जवळ बसले. तिनं माझा चहानं ओला झालेला हात धरून बाळाच्या गालाशेजारी, आपल्या छातीच्या हाडावर ठेवला आणि पुढची ओळ म्हटली.

माझ्या तळहाताखाली ती ओळ थरथरली. 'ताण्यावरची' म्हणताना बारीक, 'निजली' म्हणताना खोल. प्रत्येक शब्दाचा धक्का वेगळा होता. मी एकशेबारा पाळणे गोळा केले होते, कागदावर उतरवले होते, त्यांची यमकं मोजली होती. एकाही बाईला हात लावला नव्हता.

"त्याला ठावं हाय," वहिनी म्हणाली आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच फुटला. ती हमसून हमसून रडू लागली. छाती हुंदक्यांनी हलली तसं बाळ चुळबुळलं आणि त्यानं पुन्हा तिच्या गळ्यावर थोपटलं. तेव्हा ती रडत रडतच गाऊ लागली.

त्यानंतरच्या दिवसांत आम्ही बाकीचेही शिकलो. दादा शर्ट काढून, बाळाला उघड्या छातीवर घेऊन, खर्जात जाहीर सभेच्या घोषणा म्हणायचा. "झोपतोय बघ!" तो म्हणायचा. "मालकांच्या कानांवर असलाच परिणाम होतोय." आईची भजनं बारीक आवाजातली, तिनं ती मुद्दाम जाड आवाजात म्हणून पाहिली आणि चौथ्या ओळीला बाळाचा डोळा लागला, तेव्हा तिनं आम्हाला सगळ्यांना बोलावून दाखवलं. वहिनीला सलग पाच तास झोप मिळू लागली.

संप एक्केचाळिसाव्या दिवशी मिटला. मी त्याच दुपारी पुण्याला निघणार होते. चार वाजता भोंगा झाला आणि गल्लीतले माग एकामागून एक सुरू झाले. मग आमचे चार. मांडणीतली भांडी थरथरू लागली. कानाला तोंड लावून बोलल्याशिवाय काही कळेना. झोळीत घातलं तर बाळ दोन मिनिटांत झोपेल, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याला तिथं ठेवून वहिनीला कामाला लागता आलं असतं.

निरोप घ्यायला मी कारखान्यात गेले. झोळी रिकामी होती. वहिनी दोन मागांच्या मधे पत्र्याच्या पेटीवर बसली होती. बाळ तिच्या छातीवर होतं आणि तिचे ओठ हलत होते. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले. चहूबाजूंनी सूत ओढत धोटे धावत होते, छप्पर हादरत होतं, आणि गाणं कुठवर आलंय ते मी तिच्या ओठांवरून ओळखलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. शंतनूचा पंजा तिच्या गळ्यावर होता. तिच्या ओठांवर मांजर निजली, तसा तो सैल पडला.